एकाआड एक कडवं

कुलूपवाल्याला या जगात आवडणाऱ्या गोष्टी फार थोड्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक त्याच्या स्वतःच्याच होत्या. स्वतःचा आवाज त्याला आवडे, स्वतःचं लॅटिन आवडे, आणि स्वतःच्या हातची किल्ली कुलपात पहिल्या खेपेलाच फिरली की होणारा तो बारीक खट्ट आवाज आवडे. उरलेल्या जगाला तो नाक मुरडायचा. कुणी बाजारातल्या यंत्रावर कापून आणलेली किल्ली दुरुस्तीला दिली, तर तो ती मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी दोन बोटांत धरायचा, गिऱ्हाइकाकडे एकदा बघायचा आणि काही न बोलता शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, अडकवायचा. ते न बोलणं शिवीपेक्षा वाईट होतं. तरी लोक येत, कारण कानस चालवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं, आणि पंचाईत तिथेच होती.

लग्न त्याने केलं नाही. आपल्या तोडीची कुणी भेटली नाही, असं तो सांगायचा. ज्या भेटल्या नाहीत त्यांचं नशीब थोर म्हणायचं.

रविवारी तो चर्चमध्ये जायचा, पण बसायचा नाही. सगळ्यात मागे, खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभा राहायचा आणि पुढे चाललेल्या मिस्सेच्या प्रार्थनेकडे, वाया गेलेल्या पुतण्याकडे बघावं तसं बघायचा. नव्या फादरनी तिथे सगळं सोपं करून टाकलं होतं. लोकांच्या रोजच्या भाषेतली गाणी आली, गिटार आली, पांढऱ्या भिंतीवर गाण्याचे शब्द उमटवणारं यंत्र आलं. गाणी होती चार ओळींची, आणि त्यातल्या तीन ओळी एकच. चौथीला लोक टाळ्या वाजवायचे. खरं सांगायचं तर ती गाणी टाकाऊच होती. देव काय शेजारी राहतो असं वाटतं का यांना, असं कुलूपवाला बाहेर पडताना पायरीवर मोठ्याने म्हणायचा. लोक हसून बाजूला व्हायचे. त्याला सगळे लॅटिनदादा म्हणत. त्याला तो मान वाटे. आता अशा माणसाला कोण काय सांगणार?

लॅटिन मात्र त्याचं खरंच होतं, हे मान्य करायला हवं. त्याचे वडील त्याच चर्चची घंटा वाजवायचे आणि गायनमंडळही सांभाळायचे. त्यांनी दोन्ही मुलांना स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत उभं करून लॅटिन स्तोत्रं घोटून घेतली. थोरला, म्हणजे आपला कुलूपवाला, खिडकीशी; धाकटा दाराशी. एक कडवं खिडकीकडून, पुढचं दाराकडून. चर्चमध्येही तीच रीत होती. डावी बाजू एक कडवं म्हणते, उजवी बाजू दुसरं, म्हणजे कुणाचा दम संपत नाही आणि स्तोत्र कुठे थांबत नाही. मधल्या बहिणीला कुणी शिकवलं नाही. लॅटिन गायला मुली नको होत्या, आणि तिला हवं का हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ती दोघांच्या मध्ये शेंगा सोलत बसायची.

सगळ्यात मोठं स्तोत्र होतं ते अंत्यविधीचं. वीसेक कडव्यांचं, शेवटच्या दिवसाचं, न्यायाचं आणि भीतीचं. त्यातली एकाआड एक कडवी थोरल्याची आणि एकाआड एक धाकट्याची. दोघांनी मिळून गावातले कितीतरी लोक त्या स्तोत्रावर पोचवले. एकदा औषधांच्या दुकानदाराने विचारलं होतं की त्या ओळींचा अर्थ काय. कुलूपवाला म्हणाला होता, ज्याला विचारावं लागतं त्याला सांगून उपयोग नाही. त्याला स्वतःला निम्मा अर्थ ठाऊक होता आणि निम्मा त्याने अंदाजाने भरून काढला होता. उर्मट माणसाला तेवढ्यावर जन्म काढता येतो.

धाकटा त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बेकरी चालवायचा. जाडजूड, मऊ बोलणारा माणूस. आवाजही तसाच, रुंद आणि मऊ. त्याची एकच खोड होती. प्रत्येक कडव्याचा शेवटचा सूर तो ओढायचा. सूर संपायचा तिथे संपत नसे, कणीक ताणावी तसा तो लांबत जाई, आणि मग कधीतरी सुटे. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी, जिन्यात, चर्चच्या आवारात, जिथे भेटेल तिथे तो धाकट्याला झापायचा. हा आळस आहे, म्हणायचा. ही गाण्यातली चरबी आहे, म्हणायचा. धाकटा नुसता हसायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा ओढायचा.

मग जुने फादर वारले. त्यांच्या अंत्यविधीला बिशप आले होते, चर्च खचाखच भरलं होतं, आणि दोघे भाऊ आपापल्या घोडीसमोर, म्हणजे ज्यावर गाण्याचं पुस्तक उघडून ठेवतात त्या लाकडी चौकटीसमोर, डावी-उजवीकडे उभे होते. स्तोत्र निम्म्यावर आलं. धाकट्याने सूर ओढला. थोरल्याने घोडीवर तळहात आपटला आणि भरल्या चर्चमध्ये, बिशपांच्या देखत म्हणाला, "ओढू नकोस. तुझ्यामुळे सगळं रेंगाळतंय."

धाकट्याने अंगातला पांढरा झगा काढला, खुंटीला लावला आणि बाजूच्या दाराने निघून गेला. थोरला त्याच्या जागेकडे बघत राहिला, बिशपांनी हात केला, प्रार्थना पुढे सरकली आणि जुन्या फादरांना अर्ध्या स्तोत्रावर मातीत जावं लागलं. चूक कुणाची, हे चर्चमधल्या लहान पोरानेही सांगितलं असतं. कुलूपवाल्याला मात्र एकच गोष्ट दिसली. धाकट्याने भर कार्यात त्याला तोंडघशी पाडलं होतं.

त्यानंतर नवे फादर आले, लॅटिनने गाशा गुंडाळला आणि दोघा भावांचं बोलणं कायमचं बंद झालं. थोरला पाव घ्यायला मुद्दाम दोन गल्ल्या पलीकडे जायचा. तिथला पाव शिळा असायचा. तो चवीने खायचा.

आई मधल्या बहिणीकडे राहायची. बहीण कपडे शिवायची, तिच्या यंत्राच्या शेजारी आईचा पलंग होता, आणि दोघे भाऊ आईला भेटायला वेगवेगळ्या वेळी यायचे. कोण कधी येतो हे बहिणीला सांभाळावं लागे. एकाची चप्पल दारात असली की दुसरा कोपऱ्यावरून परत फिरायचा. असल्या बाबतीत मोठी माणसं किती हास्यास्पद होऊ शकतात, हे त्या दोघांकडे बघून कळायचं. आई काही बोलायची नाही. शेवटी शेवटी तिचं खाणं सुटलं, तेव्हा एक दिवस तिने थोरल्याला जवळ बसवलं.

"माझ्या वेळी ते लांबलचक म्हणा," ती म्हणाली. "लॅटिनमधलं. आख्खं म्हणा. फादरच्या वेळेसारखं अर्ध्यावर टाकू नका."

"मी म्हणेन," कुलूपवाला म्हणाला.

"तुझं तू म्हणशील रे. मी आख्खं म्हणतेय."

"आख्खं होईल. शब्द देतो."

आईने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि डोळे मिटले. तिला काय सांगायचं होतं हे यंत्राशी बसलेल्या बहिणीला कळलं, दाराबाहेरच्या मांजरालाही कळलं असेल. कुलूपवाल्याला कळलं की आईला आपलं गाणं हवं आहे.

आई गेली. बहिणीने डोळे पुसले आणि आधी बेकरी गाठली, मग कुलपाचं दुकान. धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. दादाने एकदा येऊन सांगावं, ये म्हणावं, मी येतो. माफी नको, काही नको. बहिणीने हे थोरल्याला सांगितलं, विनवलं, बेकरी काही परदेशात नाही म्हणाली. कुलूपवाला कानस चालवत राहिला. त्याच्या दारात आपण जायचं? भर चर्चमध्ये पाठ फिरवून गेला तो, आणि जायचं आपण? मी एकटा म्हणेन, तो म्हणाला. त्याची कडवी पुस्तकात आहेत. त्याच्यावाचून काही अडत नाही.

मग तो नव्या फादरांकडे परवानगी मागायला गेला, म्हणजे खरं तर भांडायला गेला. फादर नको म्हणतील, मग आपण त्यांना चार गोष्टी सुनावू, असा बेत होता. गल्लीच्या टोकापर्यंत तो मनातल्या मनात बोलून तयार झाला होता. फादर म्हणाले, वा, फारच छान, जरूर म्हणा. सगळा दारूगोळा फुकट गेला. तो परतताना आणखीच चिडलेला होता.

दुकानाचं दार लोटून घेऊन तो सरावाला बसला. स्वतःची कडवी पाठ होतीच. धाकट्याची समोर पुस्तकात होती, सुरांच्या चौकोनी खुणांसकट. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याच्या मध्यावर दम लागला. लोखंडाचा कीस घशात जातो, तो म्हणाला, चर्चमधली हवा मोकळी असते. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकला. लहानपणी त्याला दमा होता. तो गेला असं तो सर्वांना सांगत असे, आणि त्याने सांगितलं म्हणजे दम्यालाही जावंच लागलं असेल. त्याने पुस्तक मिटलं. एवढी वर्षं म्हणतोय, ऐन वेळी सगळं बरोबर येतं, असं म्हणून तो उठला.

अंत्यविधीला चर्च अर्धं भरलं होतं. आईची शवपेटी मधोमध होती, चारी बाजूंना मेणबत्त्या. कुलूपवाला डावीकडच्या घोडीशी उभा राहिला. उजवीकडे घोडीही नव्हती. ती कधीच माळ्यावर गेली होती. बहीण पहिल्या रांगेत होती. धाकटा तिसऱ्या रांगेत येऊन बसला होता, काळा कोट घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. न बोलावलेल्या पाहुण्यासारखा, स्वतःच्या आईच्या कार्यात.

कुलूपवाल्याने पहिलं कडवं सुरू केलं, आणि ते चांगलं झालं. निंदा करायला बसलेल्यानेही हे कबूल करावं. आवाज वयाने थोडा करडा झाला होता, पण सूर स्वच्छ होता. गिटारवाल्या पोरीसुद्धा माना वर करून बघू लागल्या. पहिलं कडवं संपलं.

आणि तो गप्प झाला.

ठरवून नाही. एवढी वर्षं जे केलं तेच शरीराने केलं. आपलं कडवं संपलं, तोंड मिटलं, छाती हळूहळू भरू लागली, आता उजवीकडून कडवं येणार. उजवीकडून काही आलं नाही. पुस्तक समोर उघडं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्या कडव्याचा निम्मा वेळ उलटून गेला होता. आता मध्येच सुरू करणं म्हणजे चुकलो असं जाहीर करणं. ते त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने डोळे मिटले, जणू हे असंच असतं, आणि शांत उभा राहिला. त्या कडव्याला लागला असता तेवढा वेळ गेला, शेवटच्या ओढलेल्या सुराचाही वेळ गेला, आणि मग बरोबर ठेक्यावर त्याने तिसरं कडवं उचललं.

चौथं मात्र म्हणायचंच, असं त्याने ठरवलं होतं. तिसरं संपताच त्याने घाईने श्वास घेतला. तो छातीत वरच्या वर अडकला, घशात शिट्टी वाजली, खोकल्याची उबळ ओठापर्यंत आली आणि त्याने ती कशीबशी गिळली. मग त्याने सोडून दिलं. चौथं नाही, सहावं नाही, आठवं नाही. एक कडवं त्याचं, एक शांततेचं, असं करत स्तोत्र शेवटाला पोचलं. लोकांनी माना खाली घातल्या होत्या. कुणीतरी रडत होतं. तिसऱ्या रांगेतला धाकटा सरळ समोर बघत होता आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

माती देऊन झाल्यावर नव्या फादरांनी कुलूपवाल्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्या शांततेत प्रत्येकाला तुमच्या आईशी आपापलं बोलून घेता आलं, ते म्हणाले. एवढं सुंदर काही मी कधी ऐकलं नाही. ही पद्धत कुठली?

इथे माणसाला खरं बोलायची संधी होती. चुकलं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ज्यांच्या मताला आजवर कवडीची किंमत दिली नाही, त्यांच्या तोंडची स्तुती कुलूपवाल्याने साखर चाखावी तशी चाखली.

"जुनी आहे," तो म्हणाला. "आता फारशी कुणाला माहीत नाही."

बायकाही जवळ आल्या. गिटारवाली म्हणाली, आमच्या गाण्यातही अशी शांतता घालता येईल का. कुलूपवाल्याने बघू म्हणून मान हलवली. एवढा खाली तो आजवर कधी आला नव्हता, आणि तो वर चढल्यासारखा ताठ चालत होता. बहीण पाठीमागे उभी राहून सगळं ऐकत होती.

घरी आल्यावर ती आईच्या पलंगावरची चादर काढू लागली. कुलूपवाला खुर्चीत बसला आणि पाणी मागितलं. तिने दिलं नाही.

"आईने आख्खं मागितलं होतं, दादा," ती म्हणाली. "तू अर्धं दिलंस आणि वर त्याला पद्धत म्हणालास."

त्याने घशाचं सांगितलं, लोखंडाच्या किसाचं सांगितलं. समोर तो दगडासारखा बसला होता, त्याला तोंड नव्हतं का, असंही म्हणाला. बहिणीने चादरीची घडी अर्ध्यावर ठेवली.

"त्याला कुणी बोलावलं होतं? तो शेवटचा सूर का ओढायचा, ठाऊक आहे तुला?"

"आळस. दुसरं काय."

"तुझ्यासाठी ओढायचा. बाबांनी शिकवलं होतं त्याला. तू खाली खेळायला गेलास की त्याला मागे ठेवून घ्यायचे. म्हणायचे, दादाची छाती लवकर भरत नाही. त्याच्या खांद्याकडे बघ, खांदा वर गेला की मगच सूर सोड. आणि त्याला कळू देऊ नकोस, त्याला वाईट वाटेल. मी तिथेच बसलेली असायचे. माझ्याकडे कुणाचं लक्ष नसायचं."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुला कुणी काही सांगू शकलं आहे का आजवर?"

कुलूपवाल्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आपल्याला त्याची काही गरज नव्हती. माणूस इतक्या लवकर सुधारत नसतो. मग त्याला सकाळचा तो घाईचा श्वास आठवला, घशातली शिट्टी आठवली. दमा गेला नव्हता. त्याच्यासाठी कुणीतरी जागा करून देत होतं, आणि त्या जागेत उभा राहून तो त्याच माणसाला शिव्या देत होता. त्याला स्वतःची किळस आली. ती भावना इतकी अनोळखी होती, की आधी त्याला पित्त झाल्यासारखं वाटलं.

सकाळी तो दुकान न उघडता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला चालत गेला. बेकरीत गिऱ्हाइकं होती. धाकटा लांब दांड्याच्या फावड्याने भट्टीतून पाव काढत होता. थोरल्याला बघून तो थांबला, फावडं भिंतीला टेकवलं आणि हात पुसत पुढे आला. कुलूपवाल्याने वाटेत बरंच काही जुळवलं होतं. ते सगळं सोडून तो पाव मांडलेल्या लाकडी फळीपाशी गेला.

"आईचं अर्धं राहिलंय," तो म्हणाला. "ये. दोघं जाऊन म्हणू."

"नाही राहिलं," धाकटा म्हणाला. "काल सगळे गेल्यावर मी मागे थांबलो होतो. माझी कडवी म्हणून आलो."

"एकटाच?"

"तुझ्या कडव्यांना गप्प राहिलो. ती तू म्हटली होतीस."

म्हणजे आईला आख्खं मिळालं होतं. अर्धं एकाकडून, अर्धं दुसऱ्याकडून, आणि दोघे एकत्र एकदाही नाही. कुलूपवाल्याने मान खाली घातली. विचारू नये असं वाटत असतानाच त्याने विचारलं.

"शेवटचा सूर ओढलास?"

"ओढला," धाकटा म्हणाला. "तुझा खांदा दिसत नव्हता, म्हणून जरा जास्तच ओढला."

कुलूपवाल्याने दोन्ही हात लाकडी फळीवर टेकले आणि तसाच उभा राहिला. मागच्या बाईला पाव हवे होते. तिला थांबावं लागलं.